रुग्णाला कोण घेऊन आलं?

"डॉक्टर, हिला जरा समजावून सांगा."

समुपदेशकाच्या खोलीत हे वाक्य रोज कुणीतरी म्हणतं. मुलगी खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेली असते, आई तिच्याकडे न बघता बोलत असते, वडील हातातला मोबाइल उलटा-सुलटा करत असतात. ती जेवत नाही, कॉलेजला जात नाही, खोलीचं दार लावून घेते, काही विचारलं की अंगावर येते. हे सगळं सांगून झालं की मग ते वाक्य येतं. दुखणं मुलीचं असतं, तक्रार मात्र आई-वडिलांची असते.

१९०० सालच्या ऑक्टोबरात व्हिएन्नातला एक कापड-कारखानदार आपल्या मुलीला बेर्गगासे १९ या पत्त्यावर घेऊन गेला. मुलीला अठरा पुरी व्हायला आलेली. खोकल्याची उबळ यायची, आवाज आठवडेच्या आठवडे बसायचा, आणि जगणं नकोसं झाल्याची तिने लिहिलेली चिठ्ठी आई-वडिलांच्या हाती लागली होती. डॉक्टर ओळखीचा होता. कारखानदाराच्या स्वतःच्या गुप्तरोगावर त्यानेच काही वर्षांपूर्वी उपचार केले होते. बापाची विनंती डॉक्टरने पुढे लिहून ठेवली. मराठीत सांगायचं तर, हिला ताळ्यावर आणा. डॉक्टरचं नाव सिग्मंड फ्रॉइड. मुलीला त्याने आपल्या लेखात नाव दिलं 'डोरा'.

मनोविकारांचे जुने सिद्धान्त आपण वाचतो ते बहुधा परीक्षेपुरते. फ्रॉइड म्हणजे कामवासना, अ‍ॅडलर म्हणजे न्यूनगंड, युंग म्हणजे सामूहिक अबोध. यांतलं कोण बरोबर आणि कोण चूक, यावर दहा गुणांचा प्रश्न. मला दुसराच प्रश्न जास्त कामाचा वाटत आला आहे: रुग्णाला कोण घेऊन आलं होतं आणि फी कोण भरत होतं? या सिद्धान्तांनी मनुष्यस्वभावाच्या नावावर जे खपवलं, त्यातला बराचसा भाग त्या खोलीतल्या व्यवहारातून आला, असं माझं म्हणणं आहे. शाळा, क्लास, कंपन्या, सरकार सगळेच आज समुपदेशक नेमू लागलेत, म्हणून ही जुनी प्रकरणं पुन्हा उघडावीशी वाटतात.

डोराच्या घरी काय चाललं होतं? वडिलांचे एका कुटुंबमित्राच्या बायकोशी संबंध होते. फ्रॉइड त्या जोडप्याला श्री. के. आणि श्रीमती के. म्हणतो. डोरा चौदा वर्षांची असताना श्री. के.ने तिला आपल्या दुकानात एकटं गाठून मिठीत ओढलं आणि तिचं चुंबन घेतलं. ती हात सोडवून रस्त्यावर पळाली. दोन वर्षांनी एका तळ्याकाठी त्याने तिला सरळ मागणीच घातली, तेव्हा तिने त्याच्या थोबाडीत दिली आणि घरी येऊन आईला सांगितलं. आईने वडिलांना सांगितलं, वडिलांनी श्री. के.ला विचारलं. तो म्हणाला, असं काही घडलंच नाही, पोरगी नाही नाही ती पुस्तकं वाचते, त्यातून तिच्या डोक्यात हे आलं असणार. वडिलांना हे पटलं. पटवून घेणं त्यांच्या सोयीचंही होतं. मुलगी मात्र आतून ओळखून होती की बापाने श्रीमती के.च्या बदल्यात आपल्याला श्री. के.च्या हवाली केलं आहे.

आता फ्रॉइडच्या बाजूने सांगायचं ते सांगायला हवं, कारण त्याला शिव्या घालण्याचीही एक फॅशन झाली आहे. त्याने डोरावर विश्वास ठेवला. तळ्याकाठचा प्रसंग घडला, हे त्याने मान्य केलं. बापाचा डावही त्याला कळला होता: मुलीच्या डोक्यातून श्रीमती के.चं प्रकरण काढून टाकायचं एवढंच बापाला हवं होतं, आणि ते होत नाही म्हटल्यावर बापाचा उपचारातला रस आटला, असं तो लिहितो. इतकं सगळं दिसत असूनही त्याने काय ठरवलं? चौदा वर्षांच्या मुलीला त्या चुंबनाची किळस आली, हेच तिच्या हिस्टेरियाचं लक्षण. निरोगी मुलगी असती तर तिच्या शरीराला ते सुखद वाटलं असतं! ती मनातून श्री. के.च्या प्रेमात आहे, हे तिच्याच गळी उतरवण्यात त्याने अकरा आठवडे घालवले. श्री. के.ने बायकोला सोडून डोराशी लग्न केलं असतं तर सगळ्यांचाच प्रश्न सुटला असता, असंही त्याने लिहून ठेवलं आहे. 'सगळ्यांचा' हा शब्द वाचताना मी दरवेळी थांबतो.

३१ डिसेंबर १९०० ला डोराने उपचार सोडले. हे तिने पंधरा दिवसांपूर्वीच ठरवलं होतं म्हणे. त्यावर फ्रॉइडची टिपणी अशी की घरकामाची बाई नोकरी सोडताना पंधरा दिवसांची सूचना देते, तसं हे झालं.

हिस्टेरियासारखी दुखणी ज्या वर्गात मोडतात तो 'न्यूरोसिस' हा शब्द त्याआधीचा, सव्वाशेहून जास्त वर्षं जुना. विल्यम कलन नावाच्या स्कॉटिश वैद्याने तो १७६९ मध्ये काढला, तो नसांच्या बिघाडासाठी. ताप नाही, सूज नाही, कुठे जखम नाही, तरी माणूस आजारी, म्हणजे बिघाड मज्जासंस्थेत असणार, असा तो तर्क. आपल्याकडे यासाठी 'मज्जाविकृती' असा शब्द घडवला गेला, त्यातही ती मज्जा येऊन बसली आहेच. खुद्द मज्जेत कुणाला काही सापडलं नाही. पण एकदा बिघाड माणसाच्या कातडीच्या आत ठेवला की तो बाहेर काढणं महाकठीण, हे पुढच्या दीडशे वर्षांत दिसलं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कचा जॉर्ज बिअर्ड हा डॉक्टर 'न्यूरास्थेनिया' घेऊन आला. शरीरातली मज्जाशक्ती बँकेतल्या शिलकीसारखी असते, ती उधळली की माणूस गळून जातो. उधळपट्टीची कारणं त्याने यादी करून दिली: वाफेचं इंजिन, तारयंत्र, वर्तमानपत्रं, विज्ञान आणि बायकांनी डोकं चालवणं. शेवटचं कारण पहिल्या चारांच्या रांगेत बसवताना त्याचा हात जराही अडखळला नाही. त्याच काळात फिलाडेल्फियाच्या वेअर मिचेलने अशा स्त्रियांसाठी सक्तीच्या विश्रांतीचा उपचार काढला. अंथरुणात पडून राहायचं, भरपूर दूध प्यायचं, वाचायचं नाही, लिहायचं नाही. पुरुषांना मात्र तो पश्चिमेकडच्या मोकळ्या मुलखात घोड्यावर बसायला, शिकार करायला धाडायचा. लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन १८८७ मध्ये त्याच्याकडे गेली. तिने आपल्या आजाराचा इतिहास स्वतः लिहून नेला होता, तो त्याला आगाऊपणा वाटला. जन्मात पुन्हा लेखणीला हात लावू नकोस, असं सांगून त्याने तिला घरी पाठवलं. ती वेडाच्या काठापर्यंत जाऊन परतली आणि १८९२ मध्ये त्यावर कथा लिहिली.

पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात हजारो स्त्रियांना गरिबीनेच आणून टाकलं होतं. त्यांना घेऊन येणारं कुणी नव्हतं आणि परत न्यायलाही कुणी येणार नव्हतं. तिथे झाँ-मार्तँ शार्को संमोहनाखाली हिस्टेरियाचे झटके आणवून भरसभेत दाखवत असे. तो मोठा निदानकार होता. रेल्वे अपघातात, कारखान्यात दुखावलेल्या पुरुष कामगारांनाही हिस्टेरिया होतो, हे त्याने ठासून सांगितलं. पण त्याच्या रुग्णांचे झटके पॅरिसमध्ये जसे ठरलेल्या टप्प्यांनी यायचे, तसे इतर डॉक्टरांकडे येईनात. व्याख्यानाला जे हवं असे, ते रुग्ण करून दाखवत होत्या. ज्याच्या हातात आपलं जेवणखाण, त्याला काय बघायचं आहे हे आश्रिताला बरोबर कळतं.

फ्रॉइड १८८५-८६ च्या हिवाळ्यात शार्कोकडे शिकून आला. दहा वर्षांनी, एप्रिल १८९६ मध्ये, त्याने व्हिएन्नाच्या डॉक्टरांसमोर सांगितलं की मी अठरा रुग्ण पाहिले आणि प्रत्येकाच्या हिस्टेरियाच्या मुळाशी लहानपणी झालेला लैंगिक अत्याचार आहे. अध्यक्षस्थानी असलेले क्राफ्ट-एबिंग म्हणाले, ही वैज्ञानिक परीकथा वाटते. पुढे २१ सप्टेंबर १८९७ ला फ्रॉइडने मित्र फ्लीसला पत्र लिहिलं: माझा आता त्यावर विश्वास उरला नाही. दिलेल्या कारणांत एक असं की हे खरं मानलं तर प्रत्येक बाप विकृत ठरतो, माझा स्वतःचा धरून. फ्रॉइडचे वडील वर्षभरापूर्वीच वारले होते. ही पत्रं १९५० मध्ये पहिल्यांदा छापली तेव्हा त्यातून 'माझा स्वतःचा धरून' हे शब्द गाळले गेले.

यावरून एक गोष्ट सर्रास सांगितली जाते: बायका सत्य सांगत होत्या, फ्रॉइड आधी धीराने ऐकत होता, मग घाबरला आणि त्यांच्या तोंडाला 'कल्पनाविलास' म्हणून कुलूप लावलं. गोष्ट चांगली आहे, पण १८९६ चे त्याचे स्वतःचे लेख वाचले तर ती टिकत नाही. त्या लेखांत तोच म्हणतो की रुग्णांना असलं काही आठवत नव्हतं, दृश्यं डोळ्यांसमोर आली तरी ती आठवण वाटत नाही असं त्या सांगत, आणि आपल्याला त्यांच्यावर बराच जोर लावावा लागला. म्हणजे १८९६ मध्ये रुग्ण 'नाही' म्हणत असताना तो 'घडलंच' म्हणत होता. १८९७ नंतर 'घडलं नाही, तुला तसं हवं होतं' म्हणू लागला. दोन्ही वेळा उत्तर डॉक्टरकडे तयार होतं. माझ्या मते हा दोष भित्रेपणापेक्षा मोठा आहे. भित्रा माणूस निदान काय ऐकलं हे जाणून असतो.

आणि तरी या माणसाची एक नोंद मला आवडते. १८९५ मध्ये जोसेफ ब्रॉयरबरोबर लिहिलेल्या हिस्टेरियावरच्या पुस्तकाच्या शेवटी तो एका रुग्णाचा प्रश्न देतो. रुग्ण विचारते, माझं दुखणं माझ्या परिस्थितीशी, माझ्या नशिबाशी जोडलेलं आहे असं तुम्हीच म्हणता. ती तर तुम्हाला बदलता येणार नाही, मग मला बरं कसं करणार? फ्रॉइडचं उत्तर: तुमचं दुखणं दूर करणं माझ्यापेक्षा नशिबाला सोपं जाईल यात शंका नाही, पण तुमची हिस्टेरियाची यातना साध्या, चारचौघांसारख्या दुःखात बदलता आली तरी पुष्कळ झालं. या उत्तरात नम्रता आहे, व्यवसायाची मर्यादा ओळखणं आहे. पुढच्या काळात ही मर्यादा पुसली गेली आणि परिस्थितीच्या जागी सहजप्रेरणा आल्या. १९३० सालच्या संस्कृतीवरच्या पुस्तकात तर माणूस माणसाला लांडगा आहे, आक्रमकता ही आपली उपजत वृत्ती आहे, इथपर्यंत तो पोचला. मधे एक महायुद्ध झालं होतं, मुलगी वारली होती, स्वतःला जबड्याचा कर्करोग झाला होता. तो लांडगा का दिसला ते समजू शकतं. पण श्री. के.चं नाव घ्यायला आपल्याला लांडग्याची गरज नाही. सगळेच लांडगे म्हटल्यावर श्री. के. सुटतो.

महायुद्धाचं निघालंच आहे, तर तिथे आपला प्रश्न अगदी उघडा पडतो, कारण तिथे रुग्णाला घेऊन आलं सैन्य. हातपाय लुळे पडलेले, वाचा गेलेले, थरथरणारे सैनिक खंदकांतून मागे येऊ लागले. फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांच्याविषयी लिहिताना 'शेल शॉक' हा शब्द वापरला. आधी वाटलं, तोफगोळ्याच्या धक्क्याने मेंदूला इजा होत असेल. मग असेही निघाले की ज्यांच्या आसपास गोळा पडलाच नव्हता. त्यांना काय म्हणायचं? भित्रे, की आजारी? भित्रा ठरला तर गोळी घालायची, आजारी ठरला तर बरा करून पुन्हा आघाडीवर पाठवायचा. म्हणजे निदान कोणतंही होवो, सैन्याचं काम अडत नव्हतं.

उपचारही हुद्द्याप्रमाणे. एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट या लष्करी रुग्णालयात अधिकाऱ्यांशी डॉक्टर डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स तासन् तास बोलत बसे. (हाच रिव्हर्स त्याआधी निलगिरीत तोडा लोकांचा अभ्यास करून गेला होता.) लंडनमध्ये लुईस यिअललँड या डॉक्टरने वाचा गेलेल्या एका साध्या शिपायाला अंधाऱ्या खोलीत कोंडलं, त्याच्या घशात विजेचे धक्के दिले आणि बोलल्याशिवाय सुटका नाही असं बजावलं. शिपाई बोलला. यिअललँडने ते यश म्हणून छापलं. रिव्हर्सची माणुसकी खरी होती, पण शेवट तिथेही तोच. जुलै १९१७ मध्ये सिगफ्रीड ससून या कवी-अधिकाऱ्याने, हे युद्ध मुद्दाम लांबवलं जात आहे, असं जाहीर निवेदन काढलं. त्याला लष्करी कोर्टापुढे उभं करणं अडचणीचं होतं, म्हणून शेल शॉक ठरवून रिव्हर्सकडे धाडलं. काही महिन्यांनी तो 'बरा' झाला, म्हणजे लढायला तयार झाला. ऑस्ट्रियात युद्धानंतर, १९२० मध्ये, सैनिकांना विजेचे धक्के दिल्याच्या तक्रारींवर वाग्नर-याउरेग या नामवंत प्राध्यापकाची चौकशी झाली. तज्ज्ञ म्हणून बोलावलेला फ्रॉइड म्हणाला की या डॉक्टरांनी आघाडीच्या मागे लावलेल्या मशीनगनचं काम केलं, पळणाऱ्यांना पुन्हा पुढे हाकलायचं. यापेक्षा नेमकं वाक्य या विषयावर कुणी बोललेलं मला माहीत नाही. ज्याने बोलावलं त्याची सेवा करायची की ज्याला आणलं त्याची, ही डॉक्टरची दुहेरी चाकरी त्याला लष्करात लख्ख दिसली. वीस वर्षांपूर्वी बेर्गगासेवर ती अर्धीच दिसली होती.

इथे एका कुत्र्याची गोष्ट सांगायलाच हवी. १९१४ मध्ये रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पावलॉवच्या प्रयोगशाळेत एका कुत्र्याला शिकवलं गेलं की वर्तुळ दिसलं तर खाणं मिळतं, लंबवर्तुळ दिसलं तर नाही. मग लंबवर्तुळ हळूहळू गोल करत नेलं. त्याच्या दोन अक्षांचं प्रमाण नवास आठ झालं तेव्हा कुत्र्याला फरक कळेना. दोनतीन आठवड्यांत तो शांत प्राणी भुंकू लागला, पट्टे चावू लागला, आधी जे येत होतं तेही विसरला. पावलॉवने याला प्रायोगिक न्यूरोसिस म्हटलं. या कुत्र्याचं बालपण, त्याच्या दबलेल्या इच्छा, आईशी नातं, कशाचाही संबंध नव्हता. न जमणारी गोष्ट त्याच्याकडून मागितली जात होती आणि पट्टे बांधलेले असल्याने उठून जाता येत नव्हतं, एवढंच. पुढे मात्र पावलॉवनेही कुत्र्यांच्या स्वभावाचे चार प्रकार पाडले आणि कोणत्या प्रकाराचा कुत्रा लवकर कोलमडतो याचा अभ्यास मांडला. लंबवर्तुळ कोण गोल करत होतं, हा विषय मागे पडला.

या मंडळींत आल्फ्रेड अ‍ॅडलर वेगळ्या गल्लीतून आला. मनाच्या भानगडीत पडण्याआधी, १८९८ मध्ये, त्याने शिंपीकाम करणाऱ्यांच्या आरोग्यावर पुस्तिका लिहिली होती: कोंदट खोल्या, तासांना धरबंध नाही, हंगामात मरमर काम आणि मग बेकारी. त्याचा दवाखाना प्राटर या जत्रेच्या मैदानाजवळ होता. खानावळीतले वाढपी, कसरतपटू असे लोक आपले आपण यायचे. १९११ मध्ये तो फ्रॉइडपासून फुटला. महायुद्धानंतरच्या समाजवादी व्हिएन्नात त्याने आणि सहकाऱ्यांनी शाळांना जोडून वीसपेक्षा जास्त बालमार्गदर्शन केंद्रं काढली. तिथे मुलाबरोबर आई आणि शिक्षक यांनाही प्रश्न विचारले जात, इतर पालक-शिक्षकांच्या देखत. लहान मुलाला असं सभेत बसवणं मला रुचत नाही. पण 'याला समजावा' म्हणून आणणाऱ्यालाही तिथे खुर्चीत बसावं लागे, हे त्या पद्धतीचं मोठेपण आहेच. १९३४ मध्ये ऑस्ट्रियातल्या हुकूमशाहीने ती केंद्रं बंद केली.

याच अ‍ॅडलरचा शब्द आपल्याकडे येऊन काय झाला ते पाहा. त्याचं म्हणणं होतं की कमीपणाची जाणीव प्रत्येकाला असते, मोठ्यांच्या जगात लहान म्हणून जन्मलेल्या प्रत्येक पोराला. तिच्यातूनच माणूस धडपडतो, आणि शेवटी इतर माणसांशी किती जोडला जातो यावर त्याचं मन:स्वास्थ्य ठरतं. मराठीत त्याचा 'न्यूनगंड' झाला. कॉम्प्लेक्स म्हणजे खरं तर गुंता, अनेक धाग्यांचा. गंड म्हणजे गाठ, गंडमाळेतला गंड. शब्दानेच तो गळ्याखाली चिकटवून दिला. परभणीहून पुण्याच्या कॉलेजात आलेला मुलगा वर्गात तोंड उघडत नाही, कारण पहिल्याच आठवड्यात त्याच्या इंग्रजीला वर्ग हसला. आपण म्हणतो, त्याला न्यूनगंड आहे. मग तो काढून टाकायला व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर. हसणाऱ्या चाळीस जणांना कसला गंड आहे, हे कुणी विचारत नाही, त्यांच्यासाठी शिबिरही निघत नाही.

मनोविश्लेषक कारेन हॉर्नायने हा धागा पुढे नेला. स्त्रीला पुरुषाच्या अवयवाचा हेवा वाटतो, या फ्रॉइडच्या सिद्धान्ताला तिने १९२० च्या दशकातच उत्तर दिलं होतं: हेवा वाटत असेलच तर तो पुरुषाला मिळणाऱ्या सवलतींचा. १९३७ च्या पुस्तकात तिने लिहिलं की समाजच माणसाला परस्परविरोधी आज्ञा देतो. जिंक म्हणतो आणि नम्र राहा म्हणतो, गरजा भडकवतो आणि त्या भागू देत नाही, तू स्वतंत्र आहेस सांगतो आणि वाटा बंद ठेवतो. कुत्र्यापुढचं लंबवर्तुळच हे. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या मनोविश्लेषकांच्या संस्थेने तिचा शिकवण्याचा अधिकार काढून घेतला, आणि ती राजीनामा देऊन बाहेर पडली.

मग सगळा दोष घराचा आणि समाजाचा? आतलं काहीच नाही? असं म्हणणाऱ्यांनी काय केलं तेही पाहिलेलं बरं. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत मुलाला स्किझोफ्रेनिया झाला की आईकडे बोट दाखवलं जाई. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमनने अशा आईला एक शास्त्रीय विशेषणही बहाल केलं. स्वमग्न मुलांच्या आया थंड, मायेची ऊब नसलेल्या, असं तज्ज्ञ सांगत. वीस-तीस वर्षं हजारो आया हे ओझं वाहत राहिल्या, आणि ते साफ खोटं निघालं. तिथे घराकडे बघितलं होतं, पण पुन्हा उत्तर आधी ठरवून. दुभंगलेलं मन, टोकाचं नैराश्य, हात धुऊन धुऊन कातडी सोलणारी मंत्रचळ यांत मेंदूचा आणि आनुवंशिकतेचा वाटा आहे, औषधांनी माणसं उभी राहतात, आणि 'समाज बदला' म्हणत गोळ्या बंद करायला लावणारा विचारवंत मला मांत्रिकाइतकाच धोकादायक वाटतो. कोण घेऊन आलं, हा प्रश्न कुणाला दोषी ठरवण्यासाठी नाहीच. खोलीत कोण नाही, कुणाचं म्हणणं ऐकलं गेलेलं नाही, ते त्याने कळतं. डोराच्या बाबतीत श्री. के. खोलीत नव्हता. त्या आयांच्या बाबतीत, आई खोलीत असूनही तिचं कुणी ऐकत नव्हतं.

न्यूरोसिस हा वर्ग म्हणून १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेतून गेला. व्यवहार राहिला. कंपनी कर्मचाऱ्यांसाठी ताणमुक्तीची कार्यशाळा भरवते. बिल कंपनी भरते, त्यामुळे रात्री साडेदहाला येणारा साहेबांचा फोन कार्यशाळेच्या विषयांत बसत नाही, दीर्घ श्वास बसतो. क्लास समुपदेशक नेमतो, पण निकालाप्रमाणे तुकड्या पाडणं चालूच ठेवतो. शेतकऱ्यांसाठी आपल्या सरकारने मराठवाडा-विदर्भात 'प्रेरणा' नावाचा समुपदेशन प्रकल्प सुरू केला. गळ्याशी आलेल्या माणसाशी कुणी आपुलकीने बोलणं ही लहान गोष्ट नाही. त्यातून जीव वाचतात, त्याची टिंगल करणाऱ्यांनी एकदा तसा फोन उचलून पाहावा. पण शंभर शेतकऱ्यांशी बोललेल्या समुपदेशकाला कर्जाबद्दल, बाजारभावाबद्दल, पीकविम्याबद्दल जे कळलं, ते लिहिण्यासाठी फॉर्ममध्ये रकाना हवा. माझी मागणी एवढीच आहे. जी संस्था समुपदेशक नेमते तिने त्याच्याकडून वर्षातून एकदा, कुणाचंही नाव न येता, स्वतःबद्दलचा अहवाल घ्यावा आणि तो जाहीर करावा. आमच्याकडे येणाऱ्यांना काय छळतं, आणि त्यात आमचं काय? ज्यांना हा अहवाल नको असेल त्यांना समुपदेशक नको आहे, मशीनगन हवी आहे.

हे अशक्य आहे असं कुणी म्हणेल, तर नमुना आपल्याच मुलखात आहे. भानामतीची प्रकरणं अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते कशी हाताळत आले ते पाहा. कपडे आपोआप पेटतात, घरावर दगड पडतात, जेवणात घाण सापडते. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अनुभव असा की यामागे घरातलंच कुणीतरी असतं, बहुधा सगळ्यांत दबलेलं. कार्यकर्ते घरातल्या एकेकाशी वेगवेगळं बोलतात. करणारी व्यक्ती कळते, तिच्याशी बोलणं होतं, पण तिचं नाव गावात फोडत नाहीत, कारण नाव फुटलं तर तिचं जगणं अवघड होईल. इथे बोलावणारं अख्खं घर असतं आणि तपासलंही अख्खं घर जातं. पाठ्यपुस्तकात याला नाव नसेल, पण बेर्गगासेवर १९०० मध्ये जे झालं नाही ते हेच.

डोरा पुन्हा एकदा फ्रॉइडकडे गेली होती. १ एप्रिल १९०२ ला, चेहऱ्याच्या एका बाजूला कळा येतात म्हणून. या वेळी तिला कुणी आणलं नव्हतं. मधल्या काळात के. कुटुंबातलं एक मूल वारलं, तेव्हा ती सांत्वनाला गेली होती. तिथे तिने श्रीमती के.ला तोंडावर सांगितलं की तुझे माझ्या वडिलांशी संबंध आहेत हे मला माहीत आहे. तिने नाकारलं नाही. श्री. के.कडून तिने तळ्याकाठचा प्रसंग कबूल करवून घेतला. मग ही बातमी तिने घरी जाऊन वडिलांना सांगितली. हे सगळं फ्रॉइडने ऐकलं आणि लिहूनही ठेवलं. तिच्या चेहऱ्याकडे पाहताच त्याला वाटलं की ही उपचारासाठी मनापासून आलेली नाही. तिला माझ्याकडून कसली मदत हवी होती ते कळलं नाही, असं तो लिहितो. पण मला तिला मुळापासून बरं करता आलं असतं, ते समाधान तिने माझ्याकडून हिरावून घेतलं, त्याबद्दल तिला क्षमा करण्याचं मी कबूल केलं.